थर्मासात उरलेलं पाणी

१

शनिवारची सभा संपली, खुर्च्या भिंतीला लागल्या आणि इर्माबाई करंडकांच्या कपाटावरची पिवळी फाईल उचलायला गेल्या, तर फाईल जागेवर नव्हती. कपाटाखाली नव्हती, मागे नव्हती, स्वयंपाकघरातही नव्हती. एदिसन खाटकाने तर पोटाची पर्वा न करता गुडघे टेकून बाकाखाली डोकं घातलं आणि बाहेर काढताना ते आपटून घेतलं. फाईल गेली होती.

आता त्या फाईलीत काय होतं ते आधी सांगितलेलं बरं. सान्ता रूफिनाचं स्टेशन बंद पडून तीस वर्षं झाली, पण त्याचा मालधक्का नदीकाठी तसाच पडून आहे, काटेरी झुडपं आणि फुटक्या बाटल्या सांभाळत. यंदा जिल्ह्याच्या कचेरीनं कळवलं, की गावाला हवी असेल तर तिथं बाग करून देऊ. मात्र गावातल्या किमान दोनशे मोठ्या माणसांच्या सह्या, ओळखपत्राच्या नंबरासकट, सोमवारी दुपारी बाराच्या आत आमच्या टेबलावर पाहिजेत. नाही आल्या तर जागा मिल्तोन बारेतोच्या ट्रकांना भाड्यानं जाईल. समितीनं महिनाभर दारोदार हिंडून दोनशे पाच सह्या जमवल्या होत्या. त्यापुढे सही करण्यासारखं माणूस गावात उरलंच नव्हतं, आणि कचेरीकडे जाणारी बस सोमवारी सकाळी नऊला सुटायची होती.

"फाईल या खोलीतनं गेली म्हणजे आपल्यापैकीच कुणीतरी नेली," एदिसन कपाळ चोळत म्हणाला.

हे कळायला समितीचा अध्यक्ष असावं लागत नाही, पण इर्माबाईंचं लक्ष शब्दांपेक्षा आवाजांकडे होतं. बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर बसून त्यांनी गावाचे आवाज ऐकले होते. कोण खोटं बोलतंय हे त्यांना माणूस समोर नसताना जास्त चांगलं कळायचं.

रेल्वे क्लबच्या त्या खोलीत सहाच जण होते. इर्माबाई स्वतः, एदिसन, जुळ्या पोरांची आई ग्रासिएला, विरोध करायला म्हणून हटकून येणारा मिल्तोन, रेल्वेचा जुना सांधेवाला तेओफिलो आणि आठ महिन्यांपूर्वी क्युबाहून येऊन चौकात दुकान थाटलेला न्हावी योआन्द्री. मिल्तोन सभा संपायच्या आधीच पाय आपटत निघून गेला होता. तेओफिलोही गुडघे दुखतात म्हणून, थर्मास काखेत मारून आणि चामड्याची पिशवी खांद्याला लावून, घराकडे वळला होता.

"आपण सगळे काढ्याच्या फेरीत होतो," एदिसन हळूहळू म्हणाला. "काढ्याचा भोपळा हातात असताना कोण उठणार? फेरीबाहेर एकच माणूस होता."

आणि सगळ्यांनी योआन्द्रीकडे पाहिलं.

२

त्याचं असं झालं होतं. आमच्याकडे चार माणसं जमली की 'माते' नावाच्या पाल्याचा कडू काढा आलाच. एकानं भोपळ्याच्या वाटीत गरम पाणी ओतायचं, दुसऱ्यानं नळीनं शेवटच्या घोटापर्यंत ओढून रिकामी वाटी परत द्यायची, मग तिसऱ्याची पाळी. परत देताना तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. 'धन्यवाद' म्हटलं की त्याचा अर्थ, मला पुरे, आता देऊ नका. बिचाऱ्या योआन्द्रीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा फेरीत बसला, पहिला भोपळा संपवला आणि आईनं लावलेल्या वळणाप्रमाणे हसून धन्यवाद म्हणाला. मग काय, दोन तास भोपळा त्याच्या नाकासमोरून गेला. एदिसननं ग्रासिएलाला डोळा मारला, पण त्याला सांगायची तसदी कुणी घेतली नाही.

आता तोच योआन्द्री उठला. आपली पिशवी त्यानं टेबलावर उलटी केली. कंगवे पडले, दोन कात्र्या पडल्या, पावडरीचा डबा पडला. मग सगळं एकेक करून परत भरलं आणि तो गेला. इर्माबाईंना भारी लाज वाटली. माणसाला पिशवी उलटी करायला लावणं ही काही सान्ता रूफिनाची रीत नव्हे.

घरी येऊन त्या थर्मास धुवायला घेणार, तोच आत पाणी हललं आणि त्यांचा हात थांबला.

इर्माबाईंच्या थर्मासात बरोबर सोळा भोपळे पाणी मावायचं. तीस वर्षांचा थर्मास, त्यात चूक नाही. पहिल्या फेरीत योआन्द्री धरून सहा जण प्यायले. उरले दहा. मग योआन्द्री गळला, म्हणजे पाच माणसांच्या दोन फेऱ्या, थर्मास कोरडा. दोन फेऱ्या झाल्या हे नक्की, कारण दोन्ही फेऱ्यांचा शेवटचा भोपळा ओतणारी म्हणून त्यांनी स्वतःच घेतला होता. मग आता थर्मासात पाणी कसं? त्यांनी भोपळ्यानं मोजून पाहिलं. नेमके दोन भोपळे निघाले.

म्हणजे पहिल्या फेरीनंतर आणखी कुणीतरी प्यायचं थांबलं होतं. पण कोण, ते काही केल्या आठवेना. त्यांचे कान होते भांडणाकडे. बागेत काय काय मागायचं यावरून खोलीत रण पेटलं होतं ना! ग्रासिएलाला झोपाळे हवे होते, त्याखाली वाळू आणि शेजारी संडास, "नाहीतर आयांनी पोरं घेऊन झाडामागे जायचं का?" एदिसनला दिवे लावलेलं फुटबॉलचं मैदान हवं होतं. योआन्द्रीनं सावलीत सिमेंटचं टेबल मागितलं, डोमिनो खेळायला. इर्माबाईंची स्वतःची मागणी गरम पाण्याच्या नळाची होती, थर्मास भरायला. तेओफिलोनं नेहमीचंच सांगितलं, नदीच्या टोकाला एक बाक, पाठ टेकायची सोय असलेला, पाण्याकडे तोंड करून. त्यावर मिल्तोन म्हणाला, बसून खायला गावात काय राजे राहतात का, आणि एदिसन त्याच्या अंगावर गेला. त्या गोंधळाच्या सुरुवातीलाच, पहिली फेरी चालू असताना, ग्रासिएलानं कचेरीचं पत्र वाचून दाखवलं होतं. प्रत्येक नंबर तपासला जाईल, एकही जुळला नाही तर सगळी फाईल बाद, फाडलेला किंवा खाडाखोड केलेला कागदही चालणार नाही.

हातानं एका माणसाला वगळलं होतं, आणि हातानं ते डोक्याला कळवलं नव्हतं.

३

रविवारी सकाळी इर्माबाई पहिल्यांदा मिल्तोनकडे गेल्या. फाईल हरवून ज्याचा फायदा, त्याचंच दार आधी ठोठावावं. मिल्तोन अंगणात शेगडी पेटवत होता, आणि निखाऱ्यांत पिवळ्या पुठ्ठ्याचा एक कोपरा करपत होता.

बाईंनी चिमटा उचलला आणि पुठ्ठा बाहेर ओढला. त्यावर अर्धी जळलेली शेवयांची जाहिरात होती.

"झालं समाधान?" मिल्तोन म्हणाला. "तुम्हांला काय वाटलं, मी चोर आहे?"

"तुला जागा हवी आहे. आणि तू आधी उठून गेलास."

मिल्तोननं घराच्या दाराकडे पाहिलं, आत कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि आवाज एकदम खाली आणला. ग्रासिएलाच्या कागदावर सातव्या ओळीत बघा, तो म्हणाला, माझीच सही आहे. नातीनं हट्ट धरला होता. झोपाळा नसेल तर आजोबांकडे रविवारी यायचंच नाही, असं तिनं बजावलं होतं. सभेला विरोध करायला येत होता तो नुसता अब्रू राखायला.

"कुणाला सांगू नका," तो म्हणाला. "धंद्यात माझं नाव आहे."

एक्स्चेंजवरचे कान म्हणाले, खरं बोलतोय. शिवाय उठून जाण्याआधी तिन्ही फेऱ्यांत तो प्यायला होता; दुसऱ्या फेरीत त्यानं नळी हलवून काढा बिघडवला म्हणून बाईंनी त्याला झापलंही होतं. एदिसन आणि ग्रासिएला त्यांच्या दोन्ही बाजूंना बसून तीन-तीन भोपळे प्यायले होते, तेही त्यांना आता स्पष्ट आठवलं. उरला कोण ते मोजायला बोटंही लागत नव्हती, पण बाईंनी तो विचार झटकून टाकला. ते शक्यच नव्हतं. ज्यानं सगळ्यांत आधी, पहिला कागद भरून आणला, तो फाईल कशाला नेईल?

त्यापेक्षा न्हाव्याला विचारावं, असं म्हणून त्या चौकाकडे निघाल्या.

४

योआन्द्री दुकानामागे दोरीवर टॉवेल वाळत घालत होता. इर्माबाईंना बघून त्यानं हात पुसले आणि खुर्ची दिली, पण हसला नाही.

"मावशी, शोधायचं असेल तर आत जा. दार उघडं आहे."

"मी माफी मागायला आले आहे," इर्माबाई म्हणाल्या, आणि त्याला धन्यवादाची सगळी भानगड समजावून सांगितली. योआन्द्री ऐकत राहिला. मग इतका हसला की दोरीवरचा एक टॉवेल खाली पडला.

मग त्याची जीभ सैल झाली. आठ महिने झाले, पण गावाची गंमत कळत नाही, तो म्हणाला. लोक केस कापून घेतात, गप्पा मारतात, पण घरी कुणी बोलावत नाही. ओळखपत्र गेल्या महिन्यात हातात आलं, ते दाखवायलासुद्धा माणूस नव्हतं. काल तर त्याला वाटलं, परक्याला एकच भोपळा द्यायचा असा इथला नियम असेल.

"पण नंतर बरं वाटलं," तो म्हणाला. "तेओफिलोकाका माझ्या शेजारीच होते. त्यांनाही पहिल्यानंतर कुणी दिला नाही. म्हटलं, चला, आपण दोघंच कोरडे. मग तिकडे भांडण जुंपलं तेव्हा ते उठून कपाटाकडे करंडक बघायला गेले, तेव्हा तर मी अगदीच एकटा पडलो."

इर्माबाई खुर्चीतून उठल्या. तेओफिलो आरिस्मेंदी उजाडल्यापासून झोपेपर्यंत भोपळा हातातून न सोडणारा माणूस. पाणी गार होईपर्यंत त्यानं कधी, कुणाच्या घरी, धन्यवाद म्हटल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. आणि आता दुसरीही गोष्ट डोळ्यांपुढे आली. थर्मास काखेत, पिशवी खांद्याला. थर्मास ठेवायचीच ती पिशवी. मग ती असताना माणूस थर्मास काखेत कशाला धरील?

पिशवीत दुसरं काही असेल तरच.

५

तेओफिलो घराच्या पायरीवर गुडघ्याला तेल चोळत बसला होता. शेजारी थर्मास आणि भोपळा होताच. त्यानं काही न विचारता त्यांना काढा दिला. बाई प्यायल्या, रिकामा भोपळा परत दिला आणि गप्प बसल्या. त्यानं पुन्हा भरला. तिसराही झाला.

"आता पुरे म्हण की," तो म्हणाला.

"थर्मासात पाणी आहे तोवर मी कशाला म्हणू? तूही कधी म्हणत नव्हतास. काल पहिल्याच भोपळ्याला म्हणालास, तेओफिलो. असलं काय ऐकलंस त्या पत्रात, की तुझ्या घशाखाली घोट उतरेना?"

तेओफिलोनं तेलाचे हात पुसले. मग भिंतीला धरून उठला, आत गेला आणि पिवळी फाईल आणून त्यानं बाईंच्या मांडीवर ठेवली. "पहिला कागद. पहिली ओळ," तो म्हणाला.

पहिल्या ओळीत सांधेवाल्याच्या ठसठशीत अक्षरात नाव होतं, देलमिरा आरिस्मेंदी, आणि पुढे ओळखपत्राचा नंबर. त्याखाली दुसऱ्या ओळीत तेओफिलोचं स्वतःचं नाव. त्याच्या बायकोला, देलमिराला, जाऊन चौदा महिने झाले होते. तिच्या शवपेटीमागून इर्माबाई स्वतः चालल्या होत्या.

"खोटं करायचं मनात नव्हतं गं," तेओफिलो म्हणाला. "कागद पुढ्यात आला, आधी तिचं लिहिलं, मग माझं. एकावन्न वर्षं प्रत्येक कागदावर तसंच लिहीत आलो, क्लबची वर्गणी म्हण, लग्नाचा अहेर म्हण. नंबर तर हाताला पाठ. लिहून झाल्यावर ध्यानात आलं, पण मग खोडवेना. तो नदीकाठचा बाक तिचाच ना. स्टेशन बंद पडलं तेव्हापासून मागत होती. म्हटलं, असू दे एक सही तिची."

आणि काल ग्रासिएलानं पत्र वाचलं, तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकली. एका नावापायी अख्ख्या गावाची बाग जाणार. कागद काढून टाकावा, तर त्यावर त्याच्यासकट एकोणीस खरी माणसं. ती गेली की उरतात एकशे पंचाऐंशी. ओळ कापावी, तर फाडलेला कागद चालत नाही. मग त्यानं ठरवलं, नवा कागद घ्यायचा, त्या अठरा जणांच्या सह्या गुपचूप पुन्हा आणायच्या आणि फाईल जागच्या जागी ठेवायची. सकाळपासून हिंडून सहा झाल्या होत्या. पुढे गुडघ्यांनी हात टेकले.

"बत्तीस वर्षं सांधे बदलले. एक गाडी चुकीच्या रुळावर घातली नाही," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "आता म्हातारपणी गावाचीच गाडी पाडली."

इर्माबाईंनाही भरून आलं होतं, पण एक गोष्ट बोलायलाच हवी होती.

"तू घरी गेलास, आणि मागं त्या न्हाव्याला आम्ही चोर ठरवलं. सगळ्यांसमोर पिशवी उलटी केली त्यानं."

तेओफिलोला हे ठाऊकच नव्हतं. त्याचा चेहरा पडला. त्यानं टोपी घातली, काठी घेतली आणि म्हणाला, "आधी तिकडे जाऊ. सह्यांचं नंतर."

६

योआन्द्रीच्या दारात काय बोलणं झालं ते इर्माबाईंनी ऐकलं नाही. त्या मुद्दाम कोपऱ्यावर थांबल्या. एवढंच दिसलं, की म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि न्हाव्यानं घाईघाईनं ती परत त्याच्या डोक्यावर ठेवली.

पुढची दुपार सान्ता रूफिना इतक्यात विसरणार नाही. एदिसन, ग्रासिएला आणि योआन्द्री माणसं शोधून आणायला तीन दिशांना पळाले. इर्माबाई आणि तेओफिलो नवा कागद घेऊन मिल्तोनच्या ट्रकात बसले. आपल्याच ट्रकांची जागा घालवायला आपलाच ट्रक, आणि वर डिझेलही आपलंच, असं पुटपुटत मिल्तोन नदीकाठानं गाडी हाकत होता. मासे धरणाऱ्या तिघांना त्यांनी पाण्यातून बाहेर बोलावलं. ओले हात पुसायला इर्माबाईंनी आपला पदराएवढा रुमाल दिला, कागदावर थेंब पडू नये म्हणून.

ऊन कलताना सगळे क्लबात जमले. एदिसननं मोजलं, मग ग्रासिएलानं, मग पुन्हा एदिसननं. सात नव्या मिळाल्या होत्या. ऑलिव्हेरांच्या घरचे पाचजण लग्नाला राजधानीत गेले होते, ते मंगळवारशिवाय येणार नव्हते.

एकशे नव्याण्णव.

कुणी कुणाकडे बघेना. एदिसननं विचारलं, कुत्र्याची सही चालते का, आणि कुणी हसलं नाही. तेओफिलो भिंतीला टेकून उभा होता, हातातली टोपी पिळत. बाक गेला, झोपाळे गेले, सगळं त्याच्या एका ओळीपायी गेलं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

तेव्हा इर्माबाईंना सकाळचं बोलणं आठवलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"योआन्द्री, तुझं ओळखपत्र कुठं आहे?"

योआन्द्रीनं खिशातून कार्ड काढलं. नवं कोरं, अजून प्लास्टिकच्या पाकिटात. महिनाभर दारोदार हिंडून गावातल्या प्रत्येक माणसाची सही आणली, आणि दर पंधरा दिवसांनी ज्याच्या खुर्चीत बसून केस कापून घेतले त्याला कुणी विचारलं नव्हतं. एदिसनचा चेहरा त्याच्या दुकानातल्या मांसासारखा लाल झाला.

"कुठं करू?" योआन्द्रीनं विचारलं.

ग्रासिएलानं नवा कागद पुढे केला, तेव्हा सगळ्यांना दिसलं, की तेओफिलोनं आपलं नाव याही खेपेला दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं. पहिली ओळ कोरी होती.

"ती सोडून का दिलीस?" एदिसननं विचारलं.

"हात वळला नाही," तेओफिलो म्हणाला. मग पुढे येऊन त्यानं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं कर, बाळा. ही जागा चांगली आहे."

योआन्द्रीनं सावकाश, शाळेतल्यासारखं अक्षर काढून नाव लिहिलं आणि कार्डावर बघून नंबर उतरवला. दोनशे झाल्या. जुना कागद इर्माबाईंनी फाईलीतून काढून तेओफिलोच्या हातात दिला. ही सही खोटी नाही, फक्त कचेरीच्या कामाची नाही, त्या म्हणाल्या, घरी घेऊन जा. त्यानं तो चौकोनी घडी करून आतल्या खिशात ठेवला.

मग थर्मास उघडला. मिल्तोन धरून सहाही जण गोल करून बसले, आणि पहिला भोपळा इर्माबाईंनी योआन्द्रीला दिला. त्यानं शेवटच्या घोटापर्यंत ओढला, वाटी परत केली आणि सवयीनं तोंड उघडलं. तेओफिलोनं त्याला कोपरानं ढोसलं.

योआन्द्रीनं तोंड मिटलं. पुढच्या फेरीत इर्माबाईंनी त्याचा भोपळा पुन्हा भरला.